छोट्या भाड्याच्या इमारतीतील वीज, पाणी आणि उष्णतेचा खर्च: नव्या घरमालकांसाठी मार्गदर्शक

चार ते बारा सदनिकांची इमारत भाड्याने देणाऱ्याला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त त्रास भाडे वसूल करताना होत नाही, तो बिलांची वाटणी करताना होतो. भाड्याची रक्कम करारात लिहिलेली असते आणि दोन्ही बाजूंना ती आधीपासून माहीत असते. वीज, पाणी, गॅस आणि गरम पाणी यांचा खर्च मात्र दर महिन्याला बदलतो, आणि तो का बदलला हे सांगता आले नाही की संशयाला जागा मिळते. म्हणून या लेखात ज्या क्रमाने काम करायला सांगितले आहे, तो क्रम शक्यतो मोडू नये. आधी इमारत समजून घ्यावी, मग मोजमाप बसवावे, त्यानंतर वाटणीचे सूत्र ठरवावे आणि बचतीचा विचार त्याच्याही नंतर करावा. बहुतेक नवे मालक थेट सूत्रापासून सुरुवात करतात आणि चुकीच्या आकड्यांची अतिशय काटेकोर वाटणी करत बसतात.

पहिली पायरी: कोणता मीटर काय मोजतो ते शोधा

इमारत ताब्यात आल्यावर एक दिवस केवळ याच कामासाठी राखून ठेवावा. प्रत्येक मीटरचा क्रमांक, त्याची जागा, तो कोणाच्या नावावर आहे आणि त्याच्यापुढे प्रत्यक्षात काय जोडलेले आहे, हे एका नोंदवहीत लिहावे. मीटरवर सदनिकेचा क्रमांक रंगवलेला असला, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या इमारतींत दुरुस्तीच्या वेळी तारा आणि पाइप जवळच्या जोडणीतून घेतले जातात आणि पुढे कोणालाच ते आठवत नाही.

विजेची तपासणी अशी करावी. भाडेकरूच्या संमतीने त्याच्या सदनिकेचा मेन स्विच बंद करावा आणि मीटरकडे पाहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मेन स्विच बंद असताना तो लुकलुकणे थांबले पाहिजे. थांबले नाही, तर त्या मीटरवर सदनिकेबाहेरचे काहीतरी चालू आहे. हाच दिवा वापरही सांगतो. मीटरवर एका युनिटसाठी 3200 स्पंदने (म्हणजे दिव्याचे 3200 वेळा लुकलुकणे) असे छापलेले असेल आणि दिवा दर 9 सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल, तर तासाला 400 स्पंदने म्हणजे 0.125 युनिट होतात, म्हणजेच 125 वॉटचा भार सतत चालू आहे.

हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. माझ्या पहिल्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी एकट्या राहत होत्या आणि त्यांचे बिल वरच्या मजल्यावरील चौघांच्या कुटुंबाइतके यायचे. त्या दर महिन्याची बिले तारखेप्रमाणे लावून, सुतळीने बांधून माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. आधीच्या मालकाने त्यांना जुना फ्रिज बदलण्याचा सल्ला दिला होता आणि त्यांनी तो बदललाही होता. त्यांचा मेन स्विच बंद करून आम्ही दोघे मीटरसमोर उभे राहिलो, तेव्हा तो लाल दिवा शांतपणे लुकलुकत राहिला. मीटर आणि त्यांचा मेन स्विच यांच्यामध्ये जोड मारून जिन्यातील तीन ट्यूब चालवल्या होत्या आणि त्या दिवसाढवळ्याही जळत होत्या. रात्रंदिवस चालणारा 125 वॉटचा भार 30 दिवसांत 90 युनिट वापरतो. आम्ही जोडणी वेगळी करून घेतली आणि माझ्या ताब्यातील काळाची रक्कम त्यांना परत केली. ज्या बिलाबद्दल एखादा भाडेकरू पुन्हा पुन्हा तक्रार करतो, त्याची तपासणी सवयींपासून सुरू करू नये, तारांपासून करावी.

पाण्याच्या बाबतीत एकेका सदनिकेचा व्हॉल्व्ह बंद करून कोणाचा नळ बंद पडतो ते पाहावे. गॅसची जोडणी मात्र स्वतः उघडू नये. त्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञच बोलवावा.

दुसरी पायरी: मीटर वाचायला शिका आणि तारीख ठरवून घ्या

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आणि पाण्याच्या मीटरवरील एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. पाण्याच्या बहुतेक यांत्रिक मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याचे अंश दाखवतात. नवखा माणूस सगळे आकडे सलग वाचतो आणि हिशेब शंभरपट किंवा हजारपट चुकतो. मोठ्या भाराच्या मुख्य मीटरला करंट ट्रान्सफॉर्मर (मोठा विद्युतप्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करून देणारे उपकरण) जोडलेला असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर 100 ला 5 असे असेल आणि मीटर स्वतः ते धरत नसेल, तर रीडिंगमधील फरकाला 20 ने गुणावे लागते. हा गुणक बिलावर छापलेला असतो. तो पाहून घ्यावा.

रीडिंग दर महिन्याला एकाच तारखेला आणि शक्यतो एकाच वेळी घ्यावे. मुख्य मीटरचे रीडिंग सकाळी आणि सदनिकांचे चार दिवसांनी घेतले, तर दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही. प्रत्येक रीडिंगचा फोटो काढावा आणि फोटोत मीटरचा क्रमांक स्पष्ट दिसेल याची काळजी घ्यावी. बिल प्रत्यक्ष रीडिंगवर आले आहे की अंदाजे काढले आहे, हेही दर वेळी पाहावे. अंदाजे आलेले बिल भाडेकरूंमध्ये अंतिम म्हणून वाटले आणि पुढच्या महिन्यात दुरुस्तीची मोठी रक्कम आली की मधल्या काळात घर सोडून गेलेल्याचा हिस्सा राहिलेल्यांवर पडतो.

तिसरी पायरी: वाटणीचे सूत्र निवडा

प्रत्येक सदनिकेला पुरवठादाराचा स्वतंत्र मीटर असेल आणि बिल थेट भाडेकरूच्या नावावर येत असेल, तर त्याहून चांगली व्यवस्था नाही. तिथे मालकाकडे केवळ सामाईक भागाचा खर्च उरतो. इमारतीला एकच मुख्य मीटर असेल, तर सब-मीटर (मुख्य मीटरच्या पुढे प्रत्येक सदनिकेसाठी वेगळा मीटर) बसवणे, माणसांच्या संख्येवर वाटणे, क्षेत्रफळावर वाटणे किंवा ठरावीक रक्कम भाड्यातच धरणे असे मार्ग राहतात. कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी आपल्या भागातील कायदा वाचावा. बऱ्याच ठिकाणी भाडेकरूला वीज किंवा पाणी नफ्याने विकता येत नाही, हिशेबासाठी प्रमाणित मीटरच लागतो, आणि काही खर्च भाडेकरूवर टाकण्याची मुभाच नसते.

सब-मीटरच्या वाटणीचे एक उदाहरण पाहू. चार सदनिकांच्या इमारतीचा पाण्याचा मुख्य मीटर महिन्याला 84 घनमीटर दाखवतो आणि सदनिकांचे मीटर अनुक्रमे 22, 17, 25 आणि 12 दाखवतात. त्यांची बेरीज 76 होते, म्हणजे 8 घनमीटरचा हिशेब लागत नाही. हा फरक म्हणजे लगेच चोरी किंवा गळती असे समजू नये. जिना धुण्याचे आणि बागेचे पाणी त्यात असते. शिवाय यांत्रिक मीटर अगदी बारीक धार मोजू शकत नाही, त्यामुळे सदनिकेतील ठिबकणारा नळ काही वेळा सब-मीटरवर उमटतच नाही आणि एकूण प्रवाह जास्त असताना मुख्य मीटरवर मात्र उमटतो. माझी पद्धत अशी आहे की हा फरक दर महिन्याला साधारण तेवढाच, म्हणजे एकूण वापराच्या 10 टक्क्यांच्या आत राहत असेल, तर तो सर्व सदनिकांत समान वाटावा; वरील उदाहरणात प्रत्येकी 2 घनमीटर. तो अचानक 15 घनमीटरवर गेला, तर वाढलेला भाग मालकाने स्वतः सोसावा आणि कारण शोधावे. वाढ भाडेकरूंवर टाकता येते असे एकदा ठरले की गळती शोधण्याची घाई कोणालाच उरत नाही.

बिलाची रक्कम वाटताना तिचे दोन भाग करावेत. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो, म्हणून तो सदनिकांमध्ये समान वाटावा. वापराचा आकार तेवढा मीटरप्रमाणे वाटावा. जिथे वापर वाढेल तसा दर चढतो, तिथे एक सापळा आहे. चार कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर एकत्र झाल्यामुळे इमारत वरच्या टप्प्यात जाते, आणि मालकाने प्रत्येकाला सर्वांत वरचा दर लावला, तर वसूल झालेली रक्कम मूळ बिलापेक्षा जास्त होते. म्हणून वापराची एकूण रक्कम भागिले मुख्य मीटरवरील एकूण युनिट असा सरासरी दर काढावा आणि तोच सर्वांना लावावा.

सब-मीटर बसवणे शक्य नसेल, तर पाण्यासाठी माणसांची संख्या हा आधार क्षेत्रफळापेक्षा न्याय्य ठरतो. तरीही सरळ डोई मोजणे मला पटत नाही, कारण फरशी पुसणे, भांडी घासणे यांसारख्या कामांचे पाणी माणसे दुप्पट झाली म्हणून दुप्पट होत नाही. मी पहिल्या व्यक्तीसाठी 1 आणि पुढच्या प्रत्येक व्यक्तीसाठी 0.6 असा भार धरतो. त्यामुळे एकट्या भाडेकरूचा हिस्सा 1, दोघांचा 1.6, तिघांचा 2.2 आणि चौघांचा 2.8 होतो. हे आकडे कोणत्याही नियमातून आलेले नाहीत, त्यामुळे ते सर्वांच्या संमतीने बदलता येतात. मात्र एकदा ठरल्यावर वर्षभर तरी तेच ठेवावेत. रिकाम्या सदनिकेचा स्थिर हिस्सा मालकानेच भरावा. तो इतर भाडेकरूंमध्ये वाटणे हा नव्या मालकांकडून होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि बऱ्याचदा तो नकळत होतो, कारण एकूण रक्कम भागिले भरलेल्या सदनिका असा हिशेब करण्याची सवय लागलेली असते.

थंड प्रदेशातील इमारतींत एकाच बॉयलरमधून सगळी घरे उबदार ठेवली जातात. तिथे केवळ वापरावर वाटणी करणे योग्य नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकांचे छत बाहेर उघडे असते आणि कोपऱ्यातील सदनिकांच्या बाहेरच्या भिंती जास्त असतात, त्यामुळे तितकीच ऊब राखायला त्यांना जास्त उष्णता लागते. मधल्या सदनिकेला मात्र शेजाऱ्यांच्या भिंतींतून काही ऊब फुकट मिळते. जर्मनीतील नियमांत यासाठी खर्चाचा किमान 50 आणि कमाल 70 टक्के भाग वापरावर आणि उरलेला क्षेत्रफळासारख्या स्थिर आधारावर वाटण्याची तरतूद आहे. असा बंधनकारक नियम आपल्याकडे नसेल, तरी ही विभागणी उसनी घेण्यासारखी आहे.

चौथी पायरी: जे ठरले ते करारात लिहा

भाडेकरारात कोणता खर्च कोणाकडे, वाटणीचे सूत्र काय, रीडिंगची तारीख कोणती, बिलाची प्रत किती दिवसांत दाखवायची आणि रक्कम किती दिवसांत भरायची, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. सूत्र लिहिताना त्याखाली एक सोडवलेले उदाहरण द्यावे, कारण वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात, उदाहरणाचे सहसा निघत नाहीत. कचरा, इंटरनेट, लिफ्ट अशा खर्चांसाठी समान वाटणी पुरते. लिफ्टच्या खर्चातून तळमजल्याला सूट द्यायची का, हा वाद मात्र आधीच संपवावा आणि निर्णय लिहून ठेवावा.

पुढची गोष्ट सूत्राइतकीच महत्त्वाची आहे. सगळी बिले भाड्यातच धरली, तर भाडेकरूला काटकसर करण्याचे कारण उरत नाही. सगळी बिले भाडेकरूवर टाकली, तर जुनाट गीझर, झिजलेला पंप किंवा फटी पडलेल्या खिडक्या बदलण्याचे कारण मालकाला उरत नाही. जी वस्तू भिंतीत किंवा छतावर आहे तिच्या अकार्यक्षमतेचा भार मालकावर आणि जो वापर हाताने कमी-जास्त होतो त्याचा भार भाडेकरूवर, अशी विभागणी मी प्रत्येक करारात करतो. उदाहरणार्थ, सदनिकेतील गळतीची तक्रार लेखी आल्यानंतर ठरलेल्या मुदतीत प्लंबर आला नाही, तर त्यापुढचे जादा पाणी मालकाच्या खात्यावर जाते. या एका कलमाचा परिणाम असा झाला की भाडेकरू गळती लपवत नाहीत आणि दुरुस्ती करायला मलाही उशीर होत नाही.

पाचवी पायरी: गळती आणि वाया जाणारा वापर शोधा

रात्री 11 वाजता आणि पहाटे 5 वाजता पाण्याच्या मुख्य मीटरचे रीडिंग घ्यावे. छतावर टाकी असेल, तर रात्री ती भरत राहील, म्हणून टाकी आधी पूर्ण भरून तिच्याकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि मीटरसोबत टाकीतील पाण्याची पातळीही खडूने खूण करून नोंदवावी. मीटर सरकला, तर जमिनीखालच्या पाइपमध्ये गळती असू शकते. खूण खाली गेली, तर दोष टाकीच्या पुढच्या भागात, म्हणजे बहुधा एखाद्या सदनिकेत आहे. मधल्या वेळी कोणी उठून पाणी वापरले असेल, म्हणून एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये. सलग तीन रात्री तेच दिसले, तर मात्र शोध सुरू करावा.

सर्वांत जास्त पाणी फ्लशच्या टाकीतून वाया जाते, आणि ते आवाज न करता जाते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि 15 ते 20 मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचे रबर झिजलेले आहे. भाडेकरूसमोर ही चाचणी केली की वाद लगेच मिटतो, कारण पांढऱ्या भांड्यात उतरलेली रंगाची बारीक रेषा दोघांनाही दिसते. ठिबकणाऱ्या नळाचा अंदाज बांधण्याऐवजी त्याखाली मापाचे भांडे ठेवावे. पाव लिटर पाणी 15 मिनिटांत जमले, तर तासाला 1 लिटर, दिवसाला 24 लिटर आणि 30 दिवसांत 720 लिटर पाणी जाते. वॉशर बदलायला मात्र फार वेळ लागत नाही.

लिफ्ट नसेल, तर सामाईक विजेत जिन्यातील दिवे आणि पंप हे दोनच मोठे घटक असतात. जिन्यात 40 वॉटच्या 8 ट्यूब रोज 12 तास चालत असतील, तर 30 दिवसांत 115 युनिट लागतात. तेवढेच 10 वॉटचे एलईडी लावले, तर 29 युनिट पुरतात. हालचालीने चालू होणारे सेन्सर लावले, तर हा आकडा आणखी खाली येतो. जिन्यात मात्र एक मंद दिवा कायम चालू ठेवावा, कारण अंधारात पायरी चुकण्याचा धोका काही युनिटांच्या बचतीपेक्षा मोठा आहे. पंप साधारण 1 किलोवॉट वीज घेत असेल आणि रोज 2 तास चालत असेल, तर महिन्याला 60 युनिट होतात. पंपाचे तास अचानक वाढले, तर मोटरला दोष देण्यापूर्वी टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप) आणि पाण्याची गळती पाहावी. वाया जाणारे पाणी वर चढवायलाही वीज लागतेच.

गरम पाण्याचा हिशेब भाडेकरूंना एकदा समजावून सांगावा. 100 लिटर पाणी 30 अंश सेल्सिअसने तापवायला जवळपास 3.5 युनिट वीज लागते, आणि टाकी व पाइपमधून निसटणारी उष्णता त्याखेरीज असते. म्हणून गरम पाण्याच्या पाइपना आवरण घालणे हा थोड्या खर्चातला चांगला उपाय आहे. सामाईक गरम पाण्याच्या टाकीचे तापमान मात्र बचतीसाठी 60 अंशांच्या खाली आणू नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनियाचा गंभीर आजार होतो. नळाशी येणारे पाणी भाजण्याइतके गरम असू नये, यासाठी मिश्रण करणारा व्हॉल्व्ह लावावा.

सहावी पायरी: दर महिन्याचे पत्रक

प्रत्येक भाडेकरूला एक पानी पत्रक द्यावे. त्यात मागील आणि चालू रीडिंग, फरक, दर, स्थिर आकाराचा हिस्सा, सामाईक हिस्सा आणि एकूण रक्कम एवढेच असावे, आणि सोबत मूळ बिलाची प्रत जोडावी. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा वापरही शेजारी लिहावा. मागच्या महिन्याशी तुलना केली, तर ऋतू बदलल्याने फसगत होते. इतर सदनिकांचे आकडे नावानिशी छापू नयेत. एकूण बेरीज जुळते हे दाखवण्यासाठी सदनिकांच्या वापराची एकत्रित संख्या पुरेशी आहे, आणि कोणी मागणी केलीच तर नोंदवही समोर बसून दाखवावी.

जिथे थंडी-उन्हाळ्यात बिले फार वरखाली होतात, तिथे वर्षभराच्या सरासरीइतका हप्ता दर महिन्याला घेऊन वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष खर्चाशी ताळमेळ घालता येतो. ही पद्धत भाडेकरूला सोयीची असते, पण जादा आलेली रक्कम मालकाने तत्परतेने परत केली तरच ती टिकते.

थकबाकी राहिली, तर लेखी आठवण द्यावी, हप्ते बांधून द्यावेत आणि गरज पडल्यास कायद्याचा मार्ग धरावा. पाणी किंवा वीज तोडण्याचा विचारही करू नये. अनेक देशांत तसे करणे हा गुन्हा आहे, आणि जिथे नसेल तिथेही त्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असू शकतो.

सातवी पायरी: भाडेकरू बदलताना

घर सोडण्याच्या दिवशी दोघांनी मिळून सर्व मीटरचे रीडिंग घ्यावे, फोटो काढावेत आणि एका कागदावर दोघांनी सही करावी. वापराचा आकार त्या रीडिंगप्रमाणे ठरतो, स्थिर आकार दिवसांच्या प्रमाणात ठरतो. 30 दिवसांच्या महिन्यात 12 तारखेला घर सोडले, तर त्याचा हिस्सा 30 पैकी 12 दिवसांचा. शेवटचे बिल अजून यायचे असेल, तर अनामतीतून केवळ मागील वर्षीच्या त्याच महिन्याइतकी रक्कम राखून बाकीची लगेच परत करावी, आणि बिल आल्यावर राहिलेला हिशेब पुरा करावा. नवा भाडेकरू येण्यापूर्वी फ्लशची रंगचाचणी आणि मेन स्विचची चाचणी पुन्हा एकदा करावी, आणि त्या दिवशीचे रीडिंग त्याच्या नोंदवहीच्या पहिल्या ओळीत, त्याच्यासमोर लिहावे.